खिडकीपुढचं झाड

"सगळी पानं अंगणात टाकणारी झाडं आणली. लोटायचं कुणी? मीच की," शिवबाई पुटपुटली.

खिडकीसमोर खड्डा तयार होता. कडेला काळ्या पिशव्यांत दोन रोपं, गुलमोहर आणि बहावा. बसलिंगप्पांनी दोन्ही आणली होती आणि आता ठरत नव्हतं. खिडकीला आतून चादर ठोकलेली. गुढीपाडव्याला लेक माहेरी आली, तेव्हापासून ती चादर निघाली नव्हती.

"गुलमोहर झटक्यात वाढतो," ते म्हणाले. "पण फांदी कच्ची. वावटळीत मोडतो."

"मग बहावा लावा की. येऊ दे सावकाश. घाई कुणाला हाय?"

"मला," दानेश्वरी दारातून म्हणाली. उंबऱ्याबाहेर ती येतच नव्हती. "अप्पा, गुलमोहराची पानं कधी गळतात?"

"माघात. पार उघडाबोडका होतो."

"म्हणजे तेव्हा रस्त्यावरनं खिडकी दिसणार."

बसलिंगप्पांनी गुलमोहराची पिशवी बाजूला सरकवली.

"आणि बहावा?"

"चैत्रापर्यंत दम धरतो. मग त्याचंबी तेच."

कोपऱ्यावरून मोटारसायकल वळली. हळू झाली. फाटकापाशी थांबली.

दारात आता कुणी नव्हतं. आतून कडी लागल्याचा आवाज आला. बसलिंगप्पांनी कुदळ उचलली, खोदायला नव्हे.

पार्सलवाला होता. शेजारच्या वैजयंतीबाईंना त्यांचा खोका देऊन निघून गेला. मगच बसलिंगप्पांनी कुदळ खाली ठेवली.

वैजयंतीबाई खोका कडेवर घेऊन कंपाउंडपाशीच रेंगाळल्या. "बहावाच लावा हो. घराला शोभा येते. दानू जावयांबरोबर येईल तेव्हा कसा पिवळाधमक फुललेला असेल." आणि मग नेहमीचंच, "कधी जाणार ती सासरी?"

मृग लागला तरी शिवबाईचं उत्तर तेच असे: उन्हाळा हाय, राहू दे की चार दिवस. आताही तिनं तोंड उघडलं. मिटलं. बंद दाराकडे पाहिलं.

"दुसरा खड्डा काढा," ती नवऱ्याला म्हणाली. "दोन्ही लावू. एक उघडं पडलं तर दुसरं झाकंल."

मग दाराआड ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ती वैजयंतीबाईंना म्हणाली, "नवरा मारतो तिला. न्हाय जाणार ती."