उडीची जागा

लाँड्रीच्या दारातल्या गटारावरची जाळी कधीची मोडली होती. ओल्या चादरींचे गठ्ठे घेऊन येणारा प्रत्येक जण तो खड्डा उडी मारून ओलांडायचा. नव्या माणसाला मशीन दाखवायच्या आधी उडी शिकवायचे!

हे बघून सेफ्टीवाल्या मॅडमचं डोकं फिरायचं. "उद्या कुणाचा पाय मोडला म्हणजे?" मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन त्या कंठशोष करायच्या.

मॅनेजर चहा ढवळत म्हणायचा, "आजवर पडलंय का कुणी? उगाच राईचा पर्वत करू नका हो."

बोलून बोलून मॅडमचा घसा बसला, पण त्यांनी पिच्छा सोडला नाही. शेवटी कटकट नको म्हणून मॅनेजरने एका संध्याकाळी नवी जाळी बसवून घेतली.

दुसऱ्या दिवशी मॅडम सकाळी सकाळीच आल्या. जाळीवर उभ्या राहिल्या, टाच आपटून बघितली. जराही हलली नाही. तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात लाँड्रीतल्या सगळ्यात जुन्या मावशी मागून आल्या. हातातल्या गठ्ठ्यामुळे त्यांना पुढचं काही दिसत नव्हतं, आणि दिसायची गरजही नव्हती. नेहमीच्या जागी त्यांनी नेहमीसारखी उडी मारली, ती थेट मॅडमच्या पाठीवर.

मॅडम मनगट धरून जाळीवर कळवळत होत्या आणि वर मावशीच त्यांच्यावर खेकसल्या,



"अहो मॅडम, ही काय उभं राहायची जागा आहे? इथे उडी मारायची असते, एवढंही कळत नाही?"