नाशिकच्या नलिनी देव

“नाशिकच्या त्या नलिनी देवांचा पत्ता द्या ना मॅडम.” फोनवर सरूताईंचा आनंद मावत नव्हता. “आमचं लोणचं खाऊन माहेर आठवलं, असं लिहिलंय त्यांनी. बचत गटात वाचून दाखवलं तर चौघीजणी रडल्या. त्यांना बरणी पाठवतो.”

केतकी गटाची वेबसाइट बनवत होती. साइट अजून कच्चीच होती. काम दिसत राहावं म्हणून तिनेच सरूताईंना चालू फाइलची लिंक दिली होती. आणि ‘ग्राहक म्हणतात’ची चौकट रिकामी दिसू नये म्हणून नलिनी देवही तिनेच रचली होती, चहा पिता पिता.

लिंक बंद करून गप्प बसणं सोपं होतं. पण त्या चौघी डोळ्यांपुढून हलेनात.

“ताई, नलिनी देव नावाचं कुणीच नाही. जागा भरायला मीच लिहिलं होतं. चुकलं माझं.”

पलीकडे सरूताईंनी मसाला कांडणाऱ्या बायकांना थांबायला सांगितलं.

“म्हणजे तुम्ही आमचं लोणचं चाखलंच नाही?”

“नाही.”

“मग तुमचाच पत्ता द्या. खाऊन खरं काय ते लिहा. मीठ जास्त झालं असलं, तर तेही. चौघींना मीच वाचून दाखवीन.”