हात टेकतोय का

"हात टेकतोय का?" म्हातारा ओरडला.

"टेकतोय, बाबा."

"मग ठेव तसाच. चटका बसून काढलास की मी सेट बंद करणार. मग रडू नकोस, आधीच सांगून ठेवतो."

सुनेचा उजवा तळवा वायरलेस सेटच्या ट्रान्सफॉर्मरवर होता. दोन विटांएवढा लोखंडी ठोकळा, तिच्या सासूपेक्षा जुना. सेटचं झाकण काढून भिंतीला उभं केलं होतं. समोर टेबलफॅन गरगरत होता, तरी खोलीत ठोकळ्यातल्या तापलेल्या डांबराचा वास भरला होता. वीतभर पलीकडे उघड्या तारा. तिकडे बोट गेलं तर ओरडायलाही वेळ मिळत नाही, हे म्हाताऱ्यानं सुरुवातीलाच सांगितलं होतं.

खिडकीबाहेर भर दुपारी नुसतं धुकं. त्या धुक्यात कुठंतरी तिच्या नवऱ्याची बोट होती. इंजिन सकाळीच बंद पडलेलं, आणि बोट खडकांकडे वाहत चाललेली. बोटीवरचा रेडिओ जुना नि वेगळ्या फ्रिक्वेन्सीचा, त्याचा आवाज फक्त या घरात पोचत होता. मदतीला निघालेल्या बोटीला तो ऐकूच येत नव्हता. म्हणून म्हातारा मधे बसून इकडचं तिकडे सांगत होता. नवऱ्याकडे लाल उजेडाचं एकच नळकांडं उरलं होतं. मिनिटभर जळतं, मग संपलं. मदतवाले जवळ आले की म्हाताऱ्यानं सांगायचं, पेटव. आधी नाही नि नंतर नाही.

"दहा मिनिटं बंद करूया," म्हातारा म्हणाला. "गार होऊ दे. हा जळला तर पोरगा बोलेल ते रिसीव्हरवर ऐकू येईल, पण आपल्याला बोलता नाही येणार. बसू मग तोंडं बघत."

"आणि दहा मिनिटांत ती बोट शेजारून निघून गेली तर?"

"मला अक्कल शिकवू नकोस. असले तीन जाळलेत मी."

"मग चौथा जळू दे."

म्हाताऱ्यानं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या हाताकडे. हात जागेवर होता.

ठोकळ्यातले पत्रे सैल झाले होते. दाब जरा कमी झाला की घरघर सुरू व्हायची आणि नवऱ्याचा आवाज तिच्यात बुडायचा. तिनं खांद्यापासून भार टाकला. घरघर थांबली. तिच्या पायाची बोटं फरशीवर आवळली गेली.

स्पीकर खरखरला. "बाबा, लाटा खडकावर आपटतायत. आवाज येतोय मला. पेटवू का?"

"खबरदार! हातसुद्धा लावू नकोस त्याला. मी सांगेन तेव्हा."

"लवकर सांगा म्हणजे झालं."

"बापाला घाई करतो! ... टेकतोय का गं?"

"टेकतोय."

डांबराचा एक थेंब ठोकळ्याच्या कडेनं ओघळला आणि टेबलावर पडला. म्हाताऱ्याची मान वळायच्या आत तिनं डाव्या हातानं तो पुसून टाकला.

मदतवाल्यांचा आवाज आला, जाड नि स्वच्छ. "आम्ही भोंगा वाजवतोय. त्यांना ऐकू येतो का विचारा."

म्हाताऱ्यानं विचारलं.

"नाही. काहीच नाही."

"नीट कान दे, गाढवा!"

"बाबा, नाही येत... थांबा. थांबा, आला! डावीकडून आला!"

म्हाताऱ्यानं तसंच पुढे सांगितलं. सुनेनं डोळे मिटून घेतले होते.

"पेटवायला सांगा," मदतवाले म्हणाले.

"पेटव! पेट..."

काडकन आवाज झाला. ठोकळ्यातून काळा धूर उसळला आणि सेटमधले दिवे विझत गेले. म्हाताऱ्यानं सेटचा प्लग खेचून काढला. शेजारचा रिसीव्हर तेवढा चालू होता.

"बाबा? मधेच तुटलं. पेटवू का? बाबा?"

"पेटव की रे!" म्हातारा मेलेल्या माईकमध्ये ओरडला. "पेटव!"

"बाबा, बोला ना."

सुनेनं डाव्या हातानं त्याचा खांदा घट्ट धरला. स्पीकरमधून नुसती खरखर येत राहिली. बाहेरचं धुकं पांढरंच होतं. म्हातारा माईकचं बटण दाबतच होता.

मग तो जाड आवाज, या वेळी जवळजवळ किंचाळत. "लाल! दिसला! समोरच आहे, दोर टाका, दोर टाका!"

म्हातारा खुर्चीत मागे कोसळला. मग हसला, आणि म्हाताऱ्या बैलाच्या पाठीवर द्यावी तशी त्यानं ट्रान्सफॉर्मरवर थाप दिली.

"आई गं!"

म्हाताऱ्याचा हात आपोआप उडाला. त्यानं बोटं तोंडात घातली. तशीच ठेवून सुनेकडे वळून पाहिलं. ती उभी होती, उजवा हात पाठीमागे.

"टेकतोय म्हणत होतीस."

"टेकत होता."

"हात दाखव."

तिनं डावा पुढे केला.