न कुरकुरणारी गाडी
मागच्या रविवारी मामांची जुनी गाडी सिडकोतल्या गल्लीत गतिरोधकावर खाटेसारखी कुरकुरत होती. आज ते तीच गाडी मला विकायला आले, तर आवाज गायब. पुढच्या चाकामागं हात घातला. धक्के झेलणारे सस्पेन्शनचे रबरी बुश तेलानं माखलेले. “तेल कुणी लावलं, मामा?” “मेकॅनिकनं. गाडी लोण्यासारखी झालीय.” झिजलेलं रबर तेलानं चार दिवस गप्प बसतं, मग घाटात दगा देतं. आई पुढच्या सीटवर नारळ घेऊन बसलेली. आमच्याकडं गाडी घेतली की आधी घाट चढून वणीच्या देवीचा गड. “माझ्या सख्ख्या भावावर संशय घेतेस?” ती म्हणाली. मी किल्ली मामांपुढं धरली. “गडावर तुम्हीच न्या बहिणीला. मी बसनं येते.” “आज नको गं, कंबर धरलीय.” “उद्या?” मामांनी किल्लीला हात लावला नाही. आई खाली उतरली. “चहा घे, दादा, आणि गाडी घेऊन जा.”