उभं राहण्याची गोळी

"हळू, याडी. आधी पाय लोंबकळू दे," खुशी म्हणाली. सासूलाही ती आईसारखं ‘याडी’च म्हणायची.

मानीबाई खाटेच्या काठावर बसली. पोटऱ्या आवळल्या, मुठी दाबल्या आणि सुनेचा खांदा धरून उठली. डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि विझले. आज ती पडली नाही.

"पाह्यलं? उभी हाओ मी!"

साखरेच्या आजारानं तिच्या नसा खाल्ल्या होत्या. माणूस उठला की रक्त डोक्याकडे ढकलणाऱ्या नसा असतात, त्याच सुस्त पडल्यात, असं यवतमाळच्या डॉक्टरनं सांगितलं होतं. म्हणून उठलं की अंधारी, आणि धाडकन जमिनीवर.

त्यावर गोळी दिली, तर गोळीची तऱ्हा आणखीच न्यारी. घेतली की डोक्यात मुंग्या चालत. मानीबाईला वाटलं, उवाच झाल्या. खुशीनं फणीनं सगळं डोकं विंचरून पाहिलं, एक ऊ निघेल तर शपथ! लघवी तुंबायची ते वेगळंच. आणि गोळी पोटात असेपर्यंत आडवं व्हायचं नाही, नाहीतर रक्त डोक्यात चढतं. घेतली नाही तर उठता येईना, घेतली तर लवंडता येईना. इकडे आड, तिकडे विहीर.

उन्हाळ्यापासून ती अशी एका खोलीत कोंडली होती. बाहेर तांड्यात कोण भांडतंय, कोणाची बकरी व्याली, हे नुसतं कानानं कळायचं. संडासला जायलाही सुनेचा खांदा लागे. जन्मभर ऊसतोडीला जाऊन पुरुषाच्या बरोबरीनं मोळ्या वाहिलेली बाई ती. पहिली पोर उसाच्या फडातच झाली, तिथल्याच मातीत गेली, तरी तिचा कोयता थांबला नव्हता. तिला या परावलंबनाची भारी लाज वाटे.

"याच्यापक्षा मेलेली बरी," ती चिडून म्हणे.

दसऱ्यानंतर डॉक्टरनं गोळी वाढवली आणि फरक पडायला लागला. खुशी तिला मिठाचं ताक पाजायची, सकाळ-संध्याकाळ उभं करायची. फोडणीच्या वासानं हल्ली खुद्द खुशीलाच मळमळायचं, पण हे काम तिनं चुकवलं नाही.

बादलनं आईला सरळ सांगून टाकलं होतं. "दिवाळी झाली की ट्रक येते. कोयता म्हंजे नवरा-बायकोची जोडी. तू आपल्या हातानं उठून भाकर टाकत असशीन, तं खुशी माह्यासंगं येते. नाही तं ती तुह्यापाशी राहीन, मी अर्ध्या कोयत्यावर जातो."

"मले काय शिकवतं? उठतो म्हंजे उठतो मी!" मानीबाई फणकारली.

खुशी भांडी घेऊन बाहेर गेली.

दिवाळी झाली. मुकादम देवसिंग सकाळीच आला, मानीबाईच्या खाटेसमोर खुर्ची टाकून चहा प्यायला बसला.

"सून पोटुशी हाय म्हंतेत?" त्यानं विचारलं.

"तिसरा महिना हाय. त्याले काय होते?" बादल म्हणाला. "फडात बाया बाळंत होतात अन् लगेच मोळी उचलतात. आमच्या याडीलेच विचारा ना."

मानीबाईला कोणी विचारलं नाही.

"याडी, उठ. दाखव मुकादमाले."

खुशी पुढे झाली. बादलनं तिला हातानं अडवलं. "धरू नको."

मानीबाईनं पाय खाली सोडले. पोटऱ्या आवळल्या, मुठी दाबल्या. उठली, आणि क्षणभर अगदी ताठ उभी राहिली. बादलचा चेहरा खुलला. तेवढ्यात तिचे गुडघे दुमडले आणि ती भिंतीला घासत खाली आली. कोपर फुटलं.

"अरे देवा!" देवसिंगनं कप खाली ठेवला. "जाऊ दे बाबा, या बाईले एकटं सोडता का? तू अर्ध्यावरच चाल."

"कालपर्यंत तं उभी होती! एवढ्या गोळ्या खाऊन काय फायदा?" बादल करवादला आणि बोचकं बांधायला आत गेला.

खुशी कोपरावर हळद दाबता दाबता रडायला लागली. "जमत होतं ना, याडी. आजच काहून असं झालं?"

"नशीब, माय. दुसरं काय."

दुपारी ट्रक गेला. खुशी घागर घेऊन नळावर गेली.

मानीबाई खाटेवरून उठली. भिंतीला हात न लावता दारापर्यंत चालत गेली आणि चौकटीत उभी राहून रस्त्यावरची धूळ खाली बसेपर्यंत बघत राहिली. ऊन छान पडलं होतं. नुसतं कडुनिंबापर्यंत तरी जाऊन यावं, असं तिला फार फार वाटलं. तेवढ्यात खुशीची चाहूल लागली. मानीबाई झपझप मागं फिरली, खाटेवर बसली, मान खाली टाकली आणि म्हणाली, "धर वं पोरी, अंधारी येऊन राह्यली."