बासुंदीचा खंदक

सहादेव अण्णांनी चमचा उचलला आणि समोर बसलेली त्यांची लेक पंकजा त्या चमच्याकडे टक लावून बघू लागली. खातील, की टोपी सारखी करून उठतील?

टेबलावर 'भुईकोट' होता. नगरच्या किल्ल्यासारखाच गोल. काजूकतलीचे बुरूज, मधोमध मटका कुल्फी, भोवती खंदक आणि खंदकात काठोकाठ बासुंदी. सावेडीतल्या या दुकानाचं नाव झालं ते याच ताटामुळे. पुण्याहून लोक गाड्या काढून खायला यायचे आणि खाण्याआधी अर्धा तास फोटो काढत बसायचे. अण्णा शेवगावकडचे शेतकरी. मोतीबिंदू दाखवायला नगरला आले होते. "यष्टीला येळ हाय अण्णा, चला, गोड खाऊ," असं म्हणून लेकीने त्यांना इथे आणलं. दुकान आपलंच आहे, एवढं मात्र तिने सांगितलं नव्हतं.

सांगायची सोयच नव्हती. नातवंडाचं तोंड बघेपर्यंत लेकीच्या घरी अन्नपाणी घ्यायचं नाही, ही अण्णांच्या घराण्याची रीत. पंकजाच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. अण्णा वर्षातून दोनदा तिच्या घरी यायचे, सोबत आणलेल्या बाटलीतलं पाणी प्यायचे आणि तासाभरात उठायचे. बरं, माहेरी जाऊन तिने रांधावं, तर आई चुलीपाशी फिरकू द्यायची नाही. माहेरवाशिणीने बसून खायचं, हीसुद्धा रीतच! या दोन रितींच्या कात्रीत बापाला नऊ वर्षांत लेकीच्या हातचा घास मिळाला नव्हता. अण्णांनी मुलाबाळाबद्दल तिला कधी एका शब्दाने विचारलं नाही. पण ते उपाशी उठून गेले की ती दार लावून रडायची.

वर्षापूर्वी नवऱ्याने, अंगदने, हट्ट धरून तिला सुप्याच्या कंपनीतलं काम सोडायला लावलं आणि हे दुकान काढलं. माहेरी तिने याचा पत्ता लागू दिला नाही. लागला असता तर अण्णा या रस्त्याला फिरकले नसते. आज सकाळीच तिने सगळ्या कामगारांना दम भरला होता, "आज मी गिऱ्हाईक. मला कुणी ओळखायचं नाही." गल्ल्यावरची सुमैरा तर इतकं मन लावून अनोळखी झाली, की तिने मालकिणीलाच टोकनसाठी रांगेत उभं केलं.

अण्णांनी एक बुरूज पाडला, बासुंदीत बुडवला आणि तोंडात टाकला. डोळे मिटले. मग दुसरा बुरूज पडला. मग त्यांनी खंदकच उपसायला घेतला. मिशी बासुंदीने पांढरी झाली, आणि ती मुळात पांढरीच असल्यामुळे कुठपर्यंत बासुंदी आणि कुठून मिशी ते कळेना. पंकजाला इतका आनंद झाला, की स्वतः खायचं सुचलंच नाही.

तेवढ्यात भटारखान्याचं दार उघडलं. आचारी फैयाजभाई हातात डाव घेऊन थेट टेबलापाशी आले. पंकजाने चाखल्याशिवाय नवी कढई बाहेर द्यायची नाही, हा या दुकानाचा शिरस्ता. सकाळी ती दम भरत होती तेव्हा फैयाजभाई दूध आणायला गेले होते.

"ताई, तुम्ही आटवलेली बासुंदी संपली. आता ही माझी जरा चाखून बघा."

सुमैराने कपाळावर हात मारून घेतला. बिंग फुटलं होतं. पंकजाचे डोळे भरून आले.

"अण्णा, दुकान माजंच हाय. तुमी खाल्ली ती बासुंदी बी मीच केलीय. फसवलं तुमाला. पन काय करू? तुमी जेवल्याबिगर जाता, मला लई वाईट वाटतं."

अण्णांनी चमचा खाली ठेवला नाही. खंदकाचा तळ नीट खरवडला, तो शेवटचा घास खाल्ला आणि धोतराच्या सोग्याने मिशी पुसली.

"ठाव हाय मला," ते म्हणाले.

"ठाव हाय? तुमाला कुनी सांगितलं?"

"मला कोन सांगनार? मीच सांगितलं जावईबापूंना. म्हनलं, लेकीच्या घरी मला जेवता येत न्हाई, तवा तुमी तिला एक दुकानच काढून द्या!"