चौथी चावी

‘पहिली माझी चावी, मारुतीच्या मागं,
सात पावलं मोज, तिथं पाणी जागं!’

सायकलच्या दांडीवर बसलेल्या सविताच्या कानात आबांचं हे गाणं तीस वर्षांपूर्वी शिरलं, ते तिथंच राहिलं. आबा, म्हणजे तिचे वडील सहादू, शहराला पाणी सोडणारे चावीवाले. रस्त्याखाली कुठला व्हॉल्व्ह कुठं, हे त्यांनी कागदावर कधी लिहिलं नाही. गात गेले.

आज द्वारका चौकाच्या अलीकडे मोठी पाइपलाइन फुटली. पाण्याचा तुरा थेट दुसऱ्या मजल्यावर! वाळत घातलेल्या साड्या पुन्हा भिजल्या. रिक्षावाल्यांनी फुकटात रिक्षा धुतल्या. वरातीचा घोडा अडला आणि नवरदेव छत्री मागू लागला.

पाणीपुरवठ्याचे किशोरसाहेब चिंब होऊन मोबाइल पुसत होते. नव्या अ‍ॅपमध्ये व्हॉल्व्ह भजीवाल्याच्या कढईत दिसत होता. जुन्या नकाशात तो कडुलिंबाखाली होता. कडुलिंब केव्हाच रस्त्यात गेला होता.

जीप धाडून आबांना आणलं. पण निवृत्तीपासून आबांचं एकच उत्तर.

“डोकं रिकामं झालं, साहेब. काय बी आठवत नाय. पोरीला इचारा.”

पोरगी, म्हणजे सविता, साहेबांच्याच कचेरीत कंत्राटावर तक्रारींचे फोन घेत होती. चावीवाल्याच्या जागेसाठी तिनं दोनदा अर्ज केला होता. दोन्ही वेळा साहेब हसले होते, “बाई, ती लोखंडी चावी तुमच्याहून जड आहे.”

आज साहेबांनी हात जोडले. “सविताताई, तुम्हाला येतं का हो काही?”

सविताने पदर खोचला. मारुतीच्या देवळामागून सुरुवात केली. ती गाऊ लागली, लोक मागून पावलं मोजू लागले. पाच! सहा! सात! बँडवाल्यांनी चाल पकडली. दुसरी चावी झाली, तिसरी झाली; फुटलेल्या लाइनची होती चौथी. वरातच वळली, घोड्यासकट.

“चौथी माझी चावी...”

ओळ आठवेना. बँड थांबला. सविताचा चेहरा उतरला, साहेबांचा त्याहून.

तेवढ्यात जीपमधून खणखणीत आवाज आला,

“चौथी माझी चावी, लोहाराच्या दारी,
उंबऱ्यापासून पोरी, पावलं मोज चारी!”

“लोहार म्हणजे माझे आजोबा! हाच तो उंबरा!” मोबाइलच्या दुकानातून एक जण ओरडत बाहेर आला.

चार पावलांवर डांबर फोडलं. खाली लोखंडी झाकण निघालं. सविताने चावी लावली, अंगाचा भार टाकला. चावी करकरली, फिरली. तुरा दुसऱ्या मजल्यावरून पहिल्यावर आला, मग गुडघ्याएवढा, मग गप्प. घोडा नाचला. नवरदेवसुद्धा.

“ही चावी आता तुमच्याकडेच ठेवा,” साहेब म्हणाले. “उद्यापासून तुमची जागा.”

सविता मात्र जीपकडे बघत होती. “आबा, तुम्ही तर सगळं विसरला होतात ना?”

आबांनी तिला जवळ ओढलं आणि कानात म्हणाले, “मी इसरलो नसतो, तर ह्यांनी तुला इचारलं असतं का गं?”